एकच सपाट जागा

सगळ्या पठारावर सपाट जागा एकच होती
आणि ती आम्हाला अंधार पडता पडता सापडली,
म्हणून आम्ही स्वतःला हुशार समजलो.
मी आणि कुंदा घरत.
दोघींची मिळून एकशे नऊ वर्षं,
तीन धड गुडघे,
आणि तिच्या भाच्याचा तंबू, ज्याची एक काठी
बेलापुरात माळ्यावरच राहिली होती.

खारघरच्या डोंगरावर कसली आलीय थंडी,
घरी म्हणाले होते.
दहाला वारा सुटला.
खाडीवरचा नव्हे, मागचा, माथेरानच्या अंगाचा.
वाळकं गवत एकाच बाजूला निजलं,
म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.
खुंटी कातळात शिरेना.
धोंडे बांध, कुंदा म्हणाली.
आसपास धोंडे होते, बरे, हाताजोगे,
कुणी आमच्यासाठीच मांडून ठेवल्यासारखे.
आम्ही ते एकेक उचलून आणले,
दोरीनं आवळले, होडी बांधतात त्या गाठीनं.
ती गाठ तिला येते.

खाली अख्खी नवी मुंबई,
दिव्यांचं वाळवण.
मी आमची इमारत शोधत होते:
पाण्याच्या टाकीपासून डावीकडे चौथी,
नाही, पाचवी.
कुंदानं माकडटोपीतून बोट दाखवलं.
तो हिरवा पेट्रोलपंप दिसतो?
तिथं आमची खाचरं.
चष्मा कुठं ठेवलाय ते सांगावं,
तेवढ्याच आवाजात.
मग विचारलं, बिस्किटं कुठल्या खिशात आहेत?

रात्री एकीनं कूस बदलली की दुसरीला बदलावी लागे.
पोटावर वर्तमानपत्र, पायात दोन-दोन मोजे,
आणि कापडातून दहिवर, थेंब थेंब,
नेमकं कानात.
दोनला मी बाहेर आले.
मृग खाडीकडे कलला होता.
आठव्या मजल्यावर, वाटलं, एक दिवा जळतोय.
आमचा असेल.
हे जागे असतील, की नुसता विसरले असतील बंद करायला?
फोन चालू करायला अंगठा उचलला
आणि तसाच काखेत घातला, ऊब होती म्हणून.
मग पाठ फिरवली.
त्या बाजूला काही नव्हतं.
म्हणजे फणसवाडीची एक शेकोटी होती,
आणि तिच्यामागे डोंगर, नुसते,
कुणालाही न दाखवता उभे.
मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.
दात वाजायला लागले तेव्हा कळलं
की मी हसतेय.

पहाटे तंबूवर टिचकी.
मावशी. ओ मावशी.
टॉस झालाय.

सात-आठ पोरं. डोक्यावरून स्वेटर,
एकाच्या हातात चिकटपट्टी गुंडाळलेली बॅट,
कारवीच्या तीन काठ्या.
अर्धा तास बसून होती म्हणे शेकोटीपाशी,
आम्ही घोरत होतो म्हणून.
आम्ही झोपलो होतो आडव्या, पीचच्या मधोमध.
आणि ते धोंडे?
ती त्यांची बाउंडरी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पोरांनी गाठी सोडवल्या, एक जण म्हणाला, भारी बांधलंय.
धोंडे उचलले आणि निघाली,
कुणी दहा पावलं, कुणी चाळीस,
कुणी थेट उतारापर्यंत.
मोजलं कुणीच नाही.
कुठला धोंडा कुठं, त्यांना पाठ होतं.
एकाची चूक झाली
तर तिघं ओरडले: अलीकडे, अलीकडे!

कुंदा शेवटचा धोंडा पोटाशी धरून उभी होती.
मोठा होता. पोरगा हात पुढे करून उभा.
दे गं, मी म्हणाले.
मीच ठेवते, ती म्हणाली, कुठं ते सांग.
तो पुढे चालला, ती मागे,
दुखऱ्या गुडघ्यानं, दवातून,
आणि त्यानं टाचेनं खूण केली तिथं तिनं तो ठेवला,
जरा हलवून पाहिला,
पुन्हा बसवला.

चहा होईतो तिला अंपायर केलं होतं.
पहिलाच चेंडू वाईड दिला तिनं.
नव्हता.
पण कुणी हुज्जत घातली नाही.